एका घरातील अनेक पडदे



वसंतातील व्याख्यानांना आपण येता ते संतवाङ्मय, इतिहास, शेती असे भारदस्त विषय ऐकण्याच्या अपेक्षेने. आजचा माझा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. घरात दूरचित्रवाणीचा संच एकच होता, तोवर त्याविषयी व्याख्यान देण्याजोगे काही नव्हते. आता बार्शीटाकळीसारख्या गावातही बैठकीत एक संच, आतल्या खोलीत दुसरा आणि माडीवर तिसरा अशी घरे आहेत. तेव्हा प्रश्न असा की, दुकानदार ज्याला एच. डी. म्हणतो ते रेखीव चित्र दारापर्यंत आल्यावर घरातील प्रत्येक खोलीत न्यावयाचे कसे? हा प्रश्न न सोडवताच पुष्कळ मंडळी घर बांधून मोकळी होतात आणि मग नव्या भिंती फोडीत बसतात. म्हणून तो येथे मांडतो.

प्रथम थोडा मागोवा घेऊ. आपल्या देशात दूरचित्रवाणी सुरू झाली ती दिल्लीस, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत चित्रे दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या प्रयोगात गावाला संच एक आणि पाहणारे सारे गाव, अशी व्यवस्था होती. १९८७ साली रामायण मालिका सुरू झाली तेव्हा अनेक ठिकाणी गल्लीला एक संच असे. पुढे घराला एक झाला, आता खोलीला एक होऊ पाहत आहे. गावाकडून खोलीकडे असा हा प्रवास आहे. आपली अडचण या शेवटच्या टप्प्यातली आहे.

तुम्ही म्हणाल, अडचण कसली? केबलवाल्याची तार पूर्वी आम्ही दोन संचांना जोडीतच होतो! खरे आहे. त्या काळी एकाच तारेतून सगळ्या वाहिन्या निरनिराळ्या कंपनसंख्यांवर एकदम येत, आणि त्यांतील हवी ती निवडून घेण्याचे यंत्र संचाच्या पोटातच असे. तारेला फाटा काढला की दोन्ही संचांना सर्व वाहिन्या मिळत. प्रत्येकाच्या वाट्याला जोर निम्म्याहून थोडा कमी येई, चित्रात जरा मुंग्या दिसत, पण काम भागे. २०१२ पासून २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने केबलचे अंकीय परिवर्तन झाले. वाहिन्या कुलूपबंद होऊन येऊ लागल्या आणि निवडणारे यंत्र संचातून निघून वेगळ्या पेटीत, म्हणजे सेट-टॉप बॉक्समध्ये, जाऊन बसले. पेटीतून बाहेर पडते ते एका वेळी एकच चित्र. त्या तारेला कितीही फाटे काढा, सर्व खोल्यांत तेच दिसणार.

छपरावरच्या तबकडीचेही तसेच आहे. तबकडीच्या तोंडाशी जो ग्राहक असतो त्याला आतली पेटी १३ किंवा १८ व्होल्टचा दाब पाठवून आज्ञा करते : उभ्या कंपनांच्या लहरी घे, किंवा आडव्या घे. एका तोंडाला दोन पेट्या जोडल्या आणि दोघींनी निरनिराळ्या आज्ञा केल्या, तर एका गाडीवर दोन धुरकरी बसल्यासारखे होते. त्याला उपाय आहे. दोन किंवा चार तोंडांचा ग्राहक मिळतो. त्यापासून प्रत्येक खोलीला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र पेटी दिली की भांडण मिटते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. एच. डी. चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. एकूण वीस लाखांहून अधिक ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ अंक आणि सेकंदाला ५० चित्रे धरा, म्हणजे दर सेकंदाला सुमारे २४९ कोटी अंक वाहून न्यावे लागतात. एवढा पूर आकाशातून पाठविणे परवडत नाही. म्हणून प्रक्षेपण करणारे ते चित्र दाबून बारीक करतात. न बदललेला भाग पुन्हा पाठवीत नाहीत, डोळ्याला न जाणवणारे बारकावे वगळतात, आणि सेकंदाला साधारण ८० लाख ते १ कोटी अंकांत काम उरकतात. म्हणजे अडीचशे-तीनशेपट फरक!

आपण कापसाच्या मुलखातले लोक आहोत. मोकळा कापूस गाडीत भरला तर गाडी फुगते आणि वजन थोडेच भरते. तोच सरकी काढून दाबून गाठी बांधल्या की मालमोटारीत शेकडो मण जातो. कोणताही शहाणा व्यापारी गाठ वाटेत उघडून मोकळी रुई पुढे पाठवीत नाही. गाठ सुटते ती गिरणीच्या दारात. चित्राचेही हेच सूत्र धरावे : घरातून न्यावयाचे ते बांधलेले न्यावे आणि सोडावे ते पाहणाऱ्याच्या खोलीत. आणखी एक सांगतो. चित्राची गाठ सोडून पुन्हा बांधली की दर वेळी थोडा धागा तुटतो, चित्र मळते. तेव्हा एकदाच बांधावी, एकदाच सोडावी हे बरे.

या सूत्राने बाजारातील तिन्ही पद्धती पारखता येतात. पहिली पद्धत म्हणजे पेटीतून निघणारी एच. डी. एम. आय. तार फाट्याने अनेक खोल्यांत नेणे. ही मोकळ्या रुईची वाहतूक झाली. साधी तांब्याची अशी तार दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, आणि सर्वांना एकच चित्र पाहावे लागते. लग्नघरी मांडवात आणि बैठकीत एकच सोहळा दाखवावयाचा असेल तर ही पद्धत उत्तम. रोजच्या घराला नव्हे.

दुसरी पद्धत म्हणजे तबकडीची किंवा केबलची तार खोलीपर्यंत नेऊन तेथे पेटी ठेवणे. येथे गाठ खोलीत सुटते, ज्याला जे हवे ते दिसते. वाहिन्याच पाहणाऱ्या घराला ही पद्धत आजही सर्वांत विश्वासाची आहे. मात्र पेटीगणिक वर्गणी वाढू शकते, तेव्हा जोडणी घेण्याआधी दर विचारून घ्यावा.

तिसरी पद्धत घरातल्या संगणक-जाळ्याची. इंटरनेटवरील चित्रपट, कॅमेऱ्याने टिपलेली लग्ने-मुंजी, दारावरचा कॅमेरा हे सारे बांधलेल्या रूपातच असते. साध्या जाळ्याच्या तारेतून १०० मीटरपर्यंत सेकंदाला १०० कोटी अंक सहज जातात. मोकळे चित्र त्यात एकही मावत नाही, पण बांधलेली चित्रे शंभराच्या आसपास मावतात! घरातल्याच हार्ड डिस्कवर ठेवलेले चित्र पाहताना बाहेरच्या इंटरनेटचा थेंबही खर्च होत नाही, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. पैसे भरून घेतलेल्या कुलूपबंद वाहिन्या मात्र अशा जाळ्यात परस्पर सोडता येत नाहीत. त्यांना त्यांची पेटीच हवी.

"तार कशाला? बिनतारी वाय-फाय आहे ना," असे तरुण मंडळी म्हणतील. त्यांना माझे उत्तर असे की, आधी आपल्या घराच्या भिंती पाहा. जुन्या मातीच्या घरांच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, त्याच भिंती लहरीही गिळतात. नव्या घरात लोखंडी सळ्यांचा स्लॅब लहरींना माडीवर जाऊ देत नाही. वेगवान ५ गिगाहर्ट्झच्या लहरी एक-दोन भिंतींतच थकतात, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, पण तेथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी. हातातल्या फोनला वाय-फाय ठीक. जो संच भिंतीवरून हलणार नाही, त्याला तारच द्यावी.

म्हणून जे घर बांधीत आहेत त्यांना हात जोडून सांगणे आहे. स्लॅब पडण्यापूर्वी प्रत्येक खोलीपासून एका मध्यवर्ती जागेपर्यंत रिकामा पाइप टाकून ठेवा. तार आज नसली तरी चालेल, पाइप हवा. तारा दहा-वीस वर्षांत बदलतील, पाइप राहील. विजेच्या तारा आणि चित्राच्या तारा एका पाइपात घालू नका. छपरावरच्या तबकडीला अर्थिंग करा, कारण आपल्याकडे मृगाआधीच्या विजा भयंकर. आणि पेट्या बंद कपाटात कोंडू नका. बाहेर ४५ अंशांचे ऊन असताना माणसाला वारा लागतो, तसा यंत्रालाही लागतो.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो वडीलधाऱ्यांचा आहे. खोलीखोलीत पडदा लागला की घर एकत्र बसणार कधी? आक्षेप रास्त आहे. मीही प्रत्येक खोलीत संच असावा असे म्हणत नाही. प्रत्येक खोलीपर्यंत वाट असावी एवढेच म्हणतो. ती वाट कोणासाठी उघडावयाची हे घराने ठरवावे. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढू न शकणारी, मागच्या खोलीत खाटेवर पडून असलेली आजी प्रत्येक घरी आज ना उद्या असतेच. अंगणात नातीच्या लग्नाची मंगलाष्टके चालू आहेत, आणि तिला फक्त आवाज ऐकू येतो! कॅमेऱ्यापासून तिच्या खाटेपर्यंत एक तार गेली असती तर तिने अक्षता तेथूनच टाकल्या असत्या. एक पडदा माणसांना वेगळे करतो, दुसरा पंक्तीत आणून बसवितो. तार दोन्हीकडे तीच असते. तेव्हा पाइप टाकताना पहिला पाइप तिच्या खोलीकडे टाका, आणि बैठकीतला मोठा संच सर्वांनी मिळून पाहण्यासाठी राखा.