दोन रांगांमधली वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलावयाचे म्हणजे विणकाम, वाळवणे किंवा मुलांचे आरोग्य यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपला शिरस्ता. चिटणीसबाईंनी मला मात्र 'गर्दीतील गाडी' हा विषय दिला आणि तो उगाच दिलेला नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी आता मागल्या आसनावरून पुढल्या आसनावर आल्या आहेत. अर्जुनीला तहसिलीत जावयाचे, साकोलीला दवाखान्यात जावयाचे, तर एस. टी.ची वाट पाहत बसावे लागत नाही. ही सोय लहान नव्हे. म्हणूनच एखाद्या अपघाताची वार्ता आली की 'पोरीची गाडी बंद करा' असे जे घरोघर म्हटले जाते, त्याचे मला भय वाटते. गाडी बंद झाली की बहुधा कॉलेजही बंद होते, मग नोकरीचे तर नावच नको. पोरीला घरी बसविण्यापेक्षा तिला गर्दीत गाडी चालविण्याची रीत शिकवावी, असे माझे मत आहे.

तुम्ही म्हणाल, नवेगावात कसली आली गर्दी? इथे गर्दी व्हावयाची ती हिवाळ्यात बांधावर पाखरांची! पण भाऊबीज झाली, गावोगाव मंडई भरू लागल्या, रात्री नाटकाला झुंडीच्या झुंडी निघाल्या आणि त्याच रस्त्यावर धानाच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्या, म्हणजे काय होते ते आपणांस ठाऊक आहे. पुढे कोहमाऱ्याला नागपूर-रायपूरचा मोठा रस्ता लागतो. पूर्वी त्याला सहा नंबरचा म्हणत, आता तो त्रेपन्न नंबरचा आहे. तेथून पुढे ट्रकांचे राज्य. आणि आपल्या मुली शिकावयास नागपुरास गेल्या की वर्धा रोड नि सीताबर्डी त्यांच्या रोजच्या वाटेवरच.

मी नागपुरात नोकरीच्या निमित्ताने अकरा वर्षे रोज गाडी चालविली. तेथे सिग्नलला मोटारी रांगा धरून उभ्या राहतात आणि दोन रांगांमध्ये दोन-अडीच हातांची फट उरते. या फटीतून साऱ्या दुचाक्या पुढे सरकतात. पोरे याला 'कट मारणे' म्हणतात. माझी भाची मला म्हणाली, "मावशी, सारेच जातात. मी एकटीनेच काय उन्हात उभे राहावे?" प्रश्न खरा आहे. 'जाऊच नको' म्हटले तर ती माझ्यासमोर 'हो' म्हणेल आणि चौकात जाईलच.

प्रथम कायदा सांगते. लेन आखलेली असेल तर आपल्या लेनीत चालावे आणि इशारा दिल्यावाचून ती बदलू नये, असा आपल्याकडे नियम आहे. तेव्हा मधली फट आपल्या हक्काची नव्हे. परदेशांत काही ठिकाणी ही मोकळीक दिलेली आहे, पण तिला वेसण आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताने २०१४ साली ती दिली, ती ताशी तीस किलोमीटरच्या आतच. अमेरिकेतील यूटा राज्याने २०१९ साली दिली, ती बाकीची वाहने उभी असतील तेव्हाच. कॅलिफोर्नियात विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अपघातांच्या नोंदी तपासल्या. दुचाकीचा वेग आसपासच्या वाहनांपेक्षा ताशी पंधरा मैलांहून, म्हणजे सुमारे चोवीस किलोमीटरांहून, अधिक झाला की इजा वाढतात, असे त्यांना २०१५ साली आढळले. तिकडचे रस्ते रुंद आणि गाई-म्हशी गोठ्यात. आपल्याकडे याच्या निम्मा फरकही मला पुष्कळ वाटतो.

का, ते हिशेबाने पाहा. ताशी वीस किलोमीटरने निघालेली गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. डोळ्याने पाहून ब्रेक आवळेपर्यंत एक सेकंद सहज निघून जातो. तेवढ्यात तुम्ही एक अख्खी मोटार मागे टाकलेली असते. आणि त्या मोटारीचे दार उघडावयास एक सेकंदही लागत नाही. रिक्षा थांबली की माणूस उतरणार, उतरताना तो मागे पाहणार नाही, हे गृहीतच धरावे. ताशी दहाच्या वेगात मात्र हेच अंतर पावणेतीन मीटरांवर येते आणि गाडी थांबते. म्हणून मी भाचीला सांगितले, रांगा उभ्या असतील तेव्हाच सरक, आणि भरभर चालणाऱ्या माणसाच्या चालीने. रांगा हलू लागल्या की जिथे असशील तिथे एका मोटारीच्या मागे जागा धर. हलत्या रांगेत जो तो मोकळी जागा शोधत असतो, आणि त्याला सापडलेली जागा नेमकी आपली असते.

ट्रक आणि बसची गोष्ट निराळी. दोन ट्रकांच्या मधे, किंवा ट्रक आणि दुभाजकाच्या मधे, कधी शिरू नये, ते उभे असले तरीही नाही. ट्रकच्या अगदी पुढे आणि डाव्या अंगाला खेटून असलेली स्कूटी ड्रायव्हरला त्याच्या उंच जागेवरून दिसतच नाही. आरशात त्याचे तोंड आपल्याला दिसत नसेल तर आपण त्याला दिसत नाही, असे समजावे. शिवाय लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आत कापत येतात. सुरुवातीला भरपूर दिसणारी जागा वळता वळता नाहीशी होते. आपल्याकडील ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही हेच लागू, आणि तिच्या मागे लाल दिवा असेलच असे नाही. तिच्या मागे दहा मिनिटे धूळ खावी, पण डावीकडून पुढे जाऊ नये.

गाडीची रुंदी हँडलवर मोजू नये, आरशांवर मोजावी. फटीतून जाताना आरसेच आधी लागतात. मंद चालीत हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक आवळला तर गाडी आडवी होते. तेव्हा मागचा ब्रेक हलका धरावा आणि नजर चाकापुढे नव्हे, दहा हात लांब ठेवावी.

पोशाखाबद्दल दोन शब्द. पदर खोचलेला, ओढणी मागे गाठ मारलेली. मागच्या चाकाजवळची जाळी निम्मे चाक झाकणारी असावी, असा नियमच आहे. काही मुले ती शोभेसाठी काढून टाकतात, ती परत लावून घ्यावी. हेल्मेट दोघींनाही हवे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत शेकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेली ५०,०२९, आणि त्यांतली १४,३३७ मागे बसलेली. 'मी तर नुसती मागे बसते' असे म्हणणाऱ्या वहिनींनी हा आकडा ऐकून ठेवावा. चार वर्षांखालील लेकराला पट्ट्याने चालविणाऱ्याशी बांधावे आणि वेग चाळीसच्या आत ठेवावा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आणि तसे लेकरू बरोबर असेल त्या दिवशी दोन रांगांमधली वाट आपल्यासाठी नाहीच.

येत्या रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर चुन्याच्या दोन रेघा दीड-दीड हातावर ओढून ठेवीन. त्यांच्यामधून माणसाच्या चालीने, पाय न टेकता, वीस पावले जावयाचे. वेगात जाणे सोपे आहे, हळू जाणे अवघड, हे तेथे आपोआप कळेल. ज्यांना यावयाचे त्यांनी हेल्मेट घेऊन यावे, आणि सासूबाईंनाही पाहावयास आणावे.