पोट दुखतंय म्हणणारं लेकरू

दिवाळी सरली की आमच्या परभणी जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही लेकरं मागे राहतात, आजीकडे, काकाकडे. त्यातलं एखादं अचानक अंथरूण ओलं करू लागतं, रोज पोट दुखतंय म्हणतं, अमुक घरी जायचं म्हटलं की थरथरतं. कधी दातखीळ बसते. मग बाहेरची बाधा समजून कुणी देवऋषाकडे नेतं, कुणी दर्ग्यात. मी स्वतः दर्ग्यात जाणारा माणूस. तरी सांगतो, या लेकराला मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा.

डॉक्टरांनीही नुसती झोपेची गोळी लिहून देऊ नये. मूल सोबतच्या माणसाकडे बघून उत्तर देत असेल तर त्याला बाहेर बसवावं. आणणाराच छळणारा असू शकतो. केंद्र सरकारच्या २००७ च्या, १३ राज्यांतल्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी एका ना एका प्रकारचा लैंगिक छळ सांगितला. त्यात मुलगेही मुलींइतकेच होते. आपल्याकडे मुलग्याला कोण विचारतं?

एका लक्षणावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नये, हेही खरं. पण मुलाला एकट्याला जवळ घेऊन 'काय झालं?' एवढं विचारावं. उत्तर त्याच्या तोंडात घालू नये, दहा जणांपुढे वदवून घेऊ नये. आम्ही कवी मौनाचं फार कौतुक करतो. इथे ते नको. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरांनाही. 'घरातली गोष्ट घरात' ही सबब तिथे चालत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा फोन फुकट आहे, आणि तो रात्रीही लागतो.