झिजणारे यंत्रमानव



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. कंत्राटी कामगारांचा प्रश्न, नवे कायदे, असे काही आम्ही बोलू. आम्ही विषय कळवला तो जपानी यंत्रमानवांच्या चित्रमालिकांचा, त्यांतून निघालेल्या प्लास्टिकच्या प्रतिकृतींचा आणि टेबलावरच्या खेळांचा. चिटणिसांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. दोष त्यांचा नव्हे.

झाले असे, की वाटाघाटींची एक तारीख पुढे ढकलली गेली आणि टूलरूममध्ये काम करणारा आमचा एक तरुण सभासद युनियनच्या ऑफिसातच एक जपानी पेटी उघडून बसला. आत प्लास्टिकच्या चौकटी, चौकटींना लटकलेले शेकडो बारीक भाग. आम्ही तरुणपणी अकरा वर्षे इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर काढली आहेत. चौकट हाती घेताच बोट आपोआप कडेवर फिरले. फ्लॅश कुठेच नाही! भाग भागात बसतो, गोंदाचा थेंब न लागता. असा साचा कुणी केला, हा प्रश्न मनात आला आणि त्या शोधात आम्ही वर्षभर वाचत बसलो. शाळा लवकर सुटलेल्या माणसाचा अभ्यास हा असाच, जिथे बोट अडते तिथून सुरू होतो.

1972 साली जपानी दूरचित्रवाणीवर गो नागाई यांचा ‘माझिंगर झेड’ आला. अवाढव्य लोखंडी देह, डोक्यात बसून तो चालवणारा मुलगा. मागोमाग 1974 पासून त्याची मिश्रधातूची जड खेळणी बाजारात आली. पण हा यंत्रमानव खरे म्हणजे देवच होता. दर आठवड्याला एक राक्षस यायचा, दर आठवड्याला मारला जायचा. देवाच्या देखभालीचा खर्च कुणी विचारीत नाही.

1979 साली योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ‘मोबाईल सूट गंडम’ ही मालिका आली आणि देवाचे यंत्र झाले. यंत्रांचे आराखडे कुनियो ओकावारा यांचे. शत्रूचा ‘झाकू’ एकटा नाही, कारखान्यातून घाऊक निघालेला. गोळ्या संपतात, दुरुस्ती लागते, रसद वेळेवर येत नाही. एका भागात तर जहाजावरचे मीठ संपते! युद्ध म्हणजे भांडारगृहाचा हिशेब, हे मुलांच्या मालिकेत इतक्या साधेपणाने दाखवलेले आम्ही दुसरीकडे पाहिले नाही.

मात्र पैसा खेळणी विकणाऱ्याचा, तेव्हा शब्दही त्याचाच. प्रेक्षक थोडे, खप अपेक्षेइतका नाही. 52 भागांची मालिका 43 भागांत आवरली. पुढे पुनःप्रसारणांनी तिला नवे प्रेक्षक मिळाले, आणि जुलै 1980 मध्ये बंदाई कंपनीने 300 येनांची छोटी प्रतिकृती काढली, मूळ यंत्राच्या 144व्या हिश्श्याची. ती गोंदाने जोडावी लागे, रंग आपला आपण द्यावा लागे. पण झाकू घाऊक असल्यामुळे एकावर भागत नसे. रणगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांची चिखल, गंज, रंगाचे पोपडे दाखवण्याची विद्या मुलांनी या यंत्रांवर उतरवली. देवाला गंज चढवता येत नाही, यंत्राला येतो.

1990 च्या संचात एकाच चौकटीत अनेक रंगांचे प्लास्टिक ओतलेले आढळते. पुढे एका साच्यात चार रंगांपर्यंत मजल गेली. शिझुओका शहरात, जिथे तामियासारखी कंपनी लाकडाच्या धंद्यातून प्रतिकृतींकडे वळली, तिथे 2006 पासून बंदाईचा खास कारखाना आहे. मोल्डिंगवर काम केलेल्या माणसाला विचारा, दोन रंग सांभाळताना काय हाल होतात ते.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या कारखान्यात (नाव घेत नाही) मशीनच्या सेफ्टी गेटचा स्विच तारेने बांधून ठेवलेला असे. गेट उघडमिट करण्याचे दोनतीन सेकंद वाचत. एका रात्रपाळीत शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याची दोन बोटे साच्यात गेली. त्याची भरपाई मागण्यासाठी आम्ही पहिल्यांदा कायद्याचे पुस्तक उघडले. असो.

आता टेबलावरच्या खेळाकडे. 1984 साली अमेरिकेत माईक पाँडस्मिथ यांचा ‘मेक्टन’ निघाला. जपानी यंत्रमानवांवरून सुचलेला. त्याच वर्षी शिकागोच्या फासा कंपनीने ‘बॅटलड्रॉइड्स’ काढला. ‘ड्रॉइड’ शब्दावर ‘स्टार वॉर्स’वाल्यांनी हक्क सांगितल्यामुळे वर्षभरात त्याचे नाव ‘बॅटलटेक’ झाले. षट्कोनी घरांचा नकाशा आणि दोन फासे. घाव कुठे बसला हे फासे सांगतात. बारा पडले तर डोके. हात तुटला की त्यातले शस्त्र गेले. आणि मुख्य म्हणजे उष्णता. प्रत्येक शस्त्र चालवताना यंत्र तापते, प्रत्येक यंत्राची ताप झेपण्याची मर्यादा कागदावर लिहिलेली. ती ओलांडली तर यंत्र मंदावते, बंद पडते, पोटातला दारूगोळा फुटतो. ज्या दिवशी यंत्रमानव झिजू लागला त्या दिवशी तो खेळण्याजोगा झाला, असे आमचे मत आहे. अजिंक्य देवाशी फासे टाकण्यात काय अर्थ?

पण या खेळातले कित्येक देह उसने होते. काझुताका मियाताके यांनी ‘मॅक्रॉस’साठी, 1982 साली, रेखाटलेला ‘टोमाहॉक’ इथे ‘वॉरहॅमर’ झाला. 1981 च्या मालिकेतला ‘डग्राम’ झाला ‘शॅडो हॉक’. फासाने हक्क एका आयातदाराकडून घेतले होते, तर ‘मॅक्रॉस’चे अमेरिकेतले हक्क आपले, असे हार्मनी गोल्डचे म्हणणे. कोर्टबाजी होऊन 1996 साली तडजोड झाली आणि ती चित्रे पुस्तकांतून काढली गेली. खेळाडू त्यांना ‘न दिसणारे’ म्हणू लागले. यंत्राचे नाव आहे, वजन आहे, चित्र नाही! पुढे 2002 साली टोकियोच्या न्यायालयाने ‘मॅक्रॉस’च्या मूळ आराखड्यांचा हक्क स्टुडिओ नुए आणि बिग वेस्ट यांचा ठरवला; चित्रफितीचा हक्क दुसऱ्याच कंपनीकडे गेला. म्हणजे रेखाटणाऱ्यांचा स्टुडिओ या भांडणात निदान दिसला तरी. वकिलांची ही सगळी लढाई वाचताना पेन्सिल धरणाऱ्याला काय मिळाले, हे आम्ही शोधत होतो. ते मात्र फारसे कुठे लिहिलेले नाही.

त्या तरुण सभासदाने अखेर आम्हांस खेळायला बसवले. आम्ही पंचावन्न टनांचे यंत्र घेतले आणि सवयीप्रमाणे पहिल्याच फेरीपासून असेल नसेल ते सारे झाडले. कागदावर उष्णतेच्या रकान्यात तो पेन्सिलीने एकेक घर भरत होता. तिसऱ्या फेरीत त्याने पेन्सिल थांबवून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, “साहेब, मशीन बंद पडली.” स्विच बांधायला तार मिळेल का, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, नियमात नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा बसायचे ठरले आहे.