काशीतला रायगड
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अशा प्रसंगी वक्त्याने काही गंभीर बोलावे, असा संकेत आहे. आम्ही मात्र आज मातीच्या किल्ल्याविषयी बोलणार आहोत. विषय पोरकट वाटल्यास दोष आमचा. पण दिवाळीच्या सुट्टीत कोपरापर्यंत चिखलाने माखलेले हात या सभागृहात पुष्कळ असतील.

आमचे बालपण काशीत, मंगला गौरीच्या गल्लीत गेले. पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या चढून वर आले की हे देऊळ लागते. जवळच दुर्गाघाट, ब्रह्माघाट. या पट्ट्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर बनारसी. महाराष्ट्र आम्ही पाहिलेला नव्हता. वडील एकदाच, एका लग्नासाठी, पुण्याला जाऊन आले होते. त्यांनी पाहिलेले डोंगर आगगाडीच्या खिडकीतले. किल्ला बांधायला आम्हांला शिकवले ते त्यांनीच.

दसरा झाला की आधी चौकाची साफसफाई निघे. पावसाळ्यात फरशीवर धरलेले शेवाळ विटकरीने घासून काढायचे, तुळशीवृंदावनाला चुना द्यायचा. भिंतीच्या सांध्यांत पिंपळाची रोपे उगवलेली असत. पिंपळ उपटणे पाप, म्हणून आजी ते काम कोणालाच सांगत नसे. ती नेमकी त्या वेळी पाठ फिरवून बसे, आणि आम्ही उपटून घेत असू.

हे आटोपल्यावर खरी अडचण पुढे येई. देशावर अंगणातली माती उकरली की किल्ल्याला आरंभ होतो. आमचा चौक चुनारच्या दगडाने फरसबंद. त्यात चिमूटभर माती मिळायची नाही. ती गंगेकडून आणावी लागे. पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर गाळाचे थर राहतात. तो गाळ टोपल्यांतून वर चढवताना मांड्या भरून येत. १९७८ च्या सप्टेंबरात गंगेचे पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले. आजवरची ती सर्वोच्च पातळी. मोठ्यांना त्या पुराचे हाल आठवतात. आम्हांला आठवतो तो त्या दिवाळीचा किल्ला, कारण तेवढा उंच पुन्हा कधी झाला नाही.

तटबंदीला विटा असत त्या लाखोरी. काशीच्या जुन्या घरांतली ही वीट पातळ आणि लहान. जणू पोरांच्या हातासाठीच भाजलेली. पडक्या वाड्याच्या ढिगाऱ्यातून त्या वेचून आणायच्या, घासायच्या, आणि वर्षभर कोठीत जपून ठेवायच्या. मावळे काशीच्या बाजारात मिळत नसत. लाकडी खेळण्यांतले शिपाई आणून त्यांना आम्ही रंगाने पागोटी चढवीत असू. उतारावर मोहरी पेरली की चार दिवसांत रान हिरवे होई. माकडांचा उपद्रव मात्र भयंकर. एकदा एक वानर खुद्द सिंहासनाच्या जागी बसून मोहरी खात होते, आणि हाकलायला पुढे होण्याची एकाही मावळ्याची छाती झाली नाही.

किल्ला दरवर्षी रायगडच. वडिलांचा तर्क असा, की १६७४ साली महाराजांना राज्याभिषेक करायला गागाभट्ट गेले ते काशीहून, आणि त्यांचे घराणे काशीत आले ते पैठणहून. तेव्हा रायगडावर आपला हक्क पुणेकरांहून कमी नाही. गडावरच्या गंगासागर तलावात अभिषेकाची तीर्थे ओतली, असे सांगतात. आमच्या गंगासागरात तर अस्सल गंगाच असे. शेजारच्या मुली त्यांच्या रीतीप्रमाणे दिवाळीला घरौंदा, म्हणजे मातीचे छोटे घर, करीत. जागेवरून एके वर्षी भांडण झाले, तेव्हा वडिलांनी तो घरौंदा किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवून दिला आणि जाहीर केले, की हा पाचाडचा जिजाऊंचा वाडा. तेव्हापासून तो तिथेच असे.

वडील गेले आणि त्यानंतर १९९८ साली आम्ही भावंडे प्रथम रायगडावर गेलो. रज्जुमार्ग झाला होता, तरी पायऱ्यांनीच चढलो. महादरवाज्यापाशी मात्र थबकलो. तो दोन प्रचंड बुरुजांच्या आड असा दडवला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आमच्या किल्ल्याचा दरवाजा तर नेहमी सरळ समोर, चौकात पाऊल टाकताच दिसावा असा. वडिलांचा रायगड चुकला होता. जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराचे नाव कोरलेले आहे. तिथे बसून आम्ही बराच वेळ कोणीच काही बोललो नाही.

त्या दिवाळीत थोरल्या भावाने दरवाजा बुरुजांआड नेला. खरे ते खरे, असे त्याचे म्हणणे. आई काठी टेकत आली, चारी बाजूंनी पाहिले, आणि म्हणाली, “दार कुठं आहे रे?” शत्रूला दिसू नये म्हणून लपवले आहे, असे सांगितल्यावर म्हणाली, “आपल्याकडं शत्रू कोण येणार? येतात ती शेजारची पोरं.” भावाने दरवाजा हलवला नाही. आम्हीही त्याला हलवायला सांगितले नाही, याची रुखरुख अजून आहे.

पुढे आई गेली, भावंडे पांगली, आणि घर शेजाऱ्यांनाच विकले. बहिणीचा नातू परदेशी आहे. तिकडच्या शरद ऋतूच्या सुट्टीत तो आधी आजीबरोबर अंगणातली झडलेली पाने गोळा करतो, आणि मग लेगोच्या प्लॅस्टिकच्या विटांचा रायगड बांधतो. त्यात गंगासागर म्हणून त्याने पाणी ओतले, ते सांध्यांतून गळून सगळे गालिच्यावर आले. दरवाजा कुठे ठेवू, असे त्याने दूरध्वनीवर विचारले, तेव्हा आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही.

गेल्या कार्तिकात काशीला जाण्याचा योग आला. संध्याकाळी पंचगंगेवर बांबूंच्या टोकांना आकाशदीप चढत होते. ते पाहून गल्लीत वळलो. जुन्या घराचे दार उघडे होते. चौकात गाळाचा एक लहानसा ढीग, त्याभोवती आमच्याच लाखोरी विटा, पायथ्याशी घरौंदा; आणि दरवाजा सरळ समोर. दहाएक वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसून काम करीत होता. हे काय आहे, असे आम्ही विचारले.

“रायगढ़,” तो मान वर न करता म्हणाला. “हर साल बनता है।”

मग त्याने आम्हांला जरा बाजूला सरकायला सांगितले. आमचा पाय पाचाडच्या वाटेवर पडला होता.