जमिनीच्या पोटाचा नकाशा



एका बोअरला पाणी लागतं आणि शेजारच्याच रानात, पन्नास पावलांवर, नुसती धूळ निघते. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जमिनीच्या पोटात काय आहे ते वरून दिसत नाही. नैसर्गिक वायू काढणाऱ्यांचीही हीच अडचण असते. फरक एवढाच, की त्यांच्या विहिरी कित्येकदा दोन-तीन किलोमीटर खोल जातात.

हा वायू टाकीत भरल्यासारखा नसतो. आंबोळीला जाळी पडते ना, तशी, पण डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक छिद्रं दगडात असतात. त्यांत वायू कोंडलेला असतो, आणि वर मिठाचा किंवा चिकणमातीच्या दगडाचा घट्ट थर झाकणासारखा बसलेला असतो.

मग या दगडाचा नकाशा कसा करतात? वरून जमिनीला हादरे देतात आणि खालून परत येणारे प्रतिध्वनी टिपतात. त्यावरून थर कुठे वाकलेत, कुठे तुटलेत ते कळतं. विहिरीतून दगडाचे नमुने काढतात. मग संगणकावर लाखो छोटे ठोकळे रचून ती जमीन उभी करतात. छिद्रं किती, वायू किती, पाणी किती, हे प्रत्येक ठोकळ्यात भरतात. दोन विहिरींच्या मधले ठोकळे मात्र अंदाजानेच भरावे लागतात. म्हणून उपसा सुरू झाल्यावर विहिरीतला दाब मोजून नकाशा पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

असा नकाशा किती वायू निघेल ते सांगतो. पण वर राहणाऱ्यांचं काय होईल, हे त्याला मुद्दाम विचारावं लागतं.

नेदरलँड्स देशातल्या ग्रोनिंगेन भागाची गोष्ट ऐका. तिथे १९५९ साली सुमारे तीन किलोमीटर खोल वाळूच्या दगडात वायूचा प्रचंड साठा सापडला. देशाला भरपूर पैसा मिळाला, घराघरांत वायू पोचला. पण वायू उपसला तसा आतला दाब घटला, वरच्या भाराने दगड दबू लागला आणि जुन्या भेगांपाशी जमीन सरकू लागली. भूकंप होऊ लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. आकडा लहान वाटतो, पण हे धक्के उथळ होते. हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले.

जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या सरकारी खाण-निरीक्षकांनी उपसा लवकरात लवकर कमी करा, असा सल्ला दिला. तरी त्या वर्षी उपसा आदल्या वर्षापेक्षा वाढलाच. लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर १ ऑक्टोबर २०२३ रोजी नेहमीचा उपसा थांबला. त्याच वर्षी तिथल्या संसदेच्या चौकशी समितीने म्हटलं, की रहिवाशांच्या हिताकडे सातत्याने दुर्लक्ष झालं.

आता आपलं बघू. खाण असो, धरण असो की बोगदा, साहेब लोक ग्रामसभेत रंगीत नकाशा मांडतात. तेव्हा गप्प बसायचं नाही. आपण चार प्रश्न विचारू. यातलं मोजलेलं किती आणि अंदाजाचं किती? आमची घरं, आमच्या विहिरी यात कुठे आहेत? काम सुरू झाल्यावर हा नकाशा पुन्हा कोण तपासणार? आणि भिंतीला तडा गेला तर भरपाई कोण देणार?

उत्तरं तोंडी घ्यायची नाहीत. ती ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायची, आणि वाचून झाल्यावरच सही करायची.