घाटापलीकडची मदतनीस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘आरोग्य’ हा विषय दिला होता. पण लोहाच्या गोळ्यांचे पुराण तुम्ही माझ्याकडून पुष्कळ ऐकले आहे. आज दवाखान्यातलीच, पण निराळी हकीकत सांगते.

आपल्यापैकी कितीजणींनी माझ्या कऱ्हाडच्या दवाखान्यात फोन केला असेल आणि तो उचलला गेला नाही म्हणून मनात मला चार शब्द सुनावले असतील! आत रोगी टेबलावर, बाहेर घंटा वाजते आहे. काउंटरवरची मुलगी एकटी. ती औषध देईल, पैसे घेईल, की फोन धरील? म्हणून दोन वर्षांमागे मी घरी बसून फोन आणि नोंदी सांभाळणारी एक मदतनीस ठेवली. ती राहते चिपळूणला. मध्ये अख्खा कुंभार्ली घाट!

निवडताना मी थोडी लबाडी केली. माझ्या भाचीला रोगी बनवून तिघींना फोन करायला लावला : “छातीत दुखतंय, घाम फुटलाय, उद्याची वेळ द्या.” एकीने अदबीने उद्याची वेळ लिहून घेतली. दुसरीने पित्ताची गोळी सुचवली! हिने आधी पत्ता विचारला, ‘आत्ताच १०८ ला फोन करा’ म्हणाली आणि लागलीच मला कळवले.

पगार ठरवताना मात्र माझीच परीक्षा झाली. काउंटरवरच्या मुलीच्या निम्मा आकडा मी सांगितला. घरबसल्या तर काम! ती शांतपणे म्हणाली, “डॉक्टरबाई, नऊ ते एक माझ्या खोलीचं दार बंद असतं. त्या वेळात सासूबाईंना पोळ्या करायलासुद्धा मी मिळत नाही. मग पगार अर्धा कशाचा?” मला उत्तर सुचले नाही. पूर्ण पगार दिला.

तिला रोग्याचे नाव, फोन आणि वेळ एवढेच दिसते. तपासणीचे कागद दिसत नाहीत, ते मी मुद्दामच तसे ठेवले आहे. एके दिवशी एका परिचित गृहस्थांनी सुनेच्या तपासणीचा निकाल फोनवर विचारला. ‘तो त्यांनाच सांगता येईल,’ असे हिने सांगताच गृहस्थ तडक दवाखान्यात आले. “कुठली कोण बाई मला नाही म्हणते!” भगिनींनो, मी कबूल करते, माझी जीभ सांगायला उचललीच होती. इतकी वर्षे शेजारधर्म म्हणून मी नवऱ्यांना, सासवांना काउंटरवरच निकाल सांगत आले होते. रोग्याचे गुपित फोडू नये, हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे, आणि ते मी वाचलेलेही होते! पण घाटापलीकडच्या मुलीने जे पाळले ते मी समोर बसून मोडायचे? मी नाही म्हटले. गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. सून मात्र चौथ्या दिवशी एकटी आली आणि तासभर बोलत बसली. काय बोलली, ते अर्थातच इथे सांगायचे नाही.

अडचणी आहेतच. कोकणात पाऊस लागला की वीज जाते. मग फोन पुन्हा काउंटरवर येतो आणि जुना गोंधळ सुरू होतो. शिवाय आपल्या काही आजीबाईंना तिची प्रश्नावली आवडत नाही. “मला ओळखत नाहीस का गं?” असे त्या दरडावतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला बोलावले आहे. चेहरा एकीचाही तिने पाहिलेला नाही, पण आवाजावरून निम्म्याजणी ओळखीन म्हणते.