फोटोतलं मांजर कुणाचं?



कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे पायवाटेच्या कडेला, झाडाच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर कॅमेरे बांधतात. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो निघतो. मे २०१८ मध्ये अशाच कॅमेऱ्यात वाघ आला. वाघ कुणीही ओळखतं. अडतं ते मांजरापाशी.

रात्रीचा फोटो काळा-पांढरा, त्यामुळे रंगाचा उपयोग नाही. आधी शेपूट बघावी. घरच्या मांजराची लांब आणि टोकाला निमुळती. रानमांजराची, म्हणजे बाऊलाची, आखूड, टोकाशी काळी कडी. त्याचे पाय उंच, कानांच्या शेंड्याला केसांचा लहानसा झुपका, अंग जवळजवळ बिनठिपक्यांचं. छातीवर, पंजांवर पांढरेशुभ्र डाग असले तर मांजर बहुधा वस्तीवरचं. गळ्यात घुंगरू दिसलं की प्रश्नच मिटला.

खरी फसगत वाघाटीची होते. वजन जेमतेम दीड किलो, घरच्या मांजराहूनही लहान. लोक म्हणतात, ‘कुणाचं तरी पिल्लू दिसतंय,’ आणि पुढचा फोटो उघडतात. पण कॅमेऱ्याच्या नाकासमोरून गेली तर तीच बोक्याएवढी दिसते. अशा वेळी परत त्या जागी जावं, मापाची काठी उभी धरावी, त्याच कॅमेऱ्यातून फोटो घ्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. मग कपाळावरून मागे जाणाऱ्या, पांढऱ्या कडांच्या रेघा आणि पाठीवरच्या ठिपक्यांच्या ओळी शोधाव्यात. उदमांजराला नावापुरतंच मांजर म्हणायचं. त्याचं लांबट तोंड लगेच कळतं.

घरचं मांजर निघालं तरी तो फोटो पुसू नये, असं मी आग्रहानं सांगतो. ते जंगलात कुठवर येतं, हे त्यावरूनच समजतं. रानातली मांजरं ज्यांवर जगतात त्याच उंदरांवर, त्याच पाखरांवर ते जगतं, वस्तीतले रोग सोबत नेतं. बाऊल तर त्याचा इतका जवळचा भाऊबंद, की दोघांचा संकरही होऊ शकतो. म्हणून नोंदीत नुसतं ‘मांजर’ लिहू नका. ‘घरचं मांजर’ लिहा, तारीख, वेळ टाका आणि सगळ्यात जवळचं घर किती अंतरावर आहे तेही लिहा.

आणि ऊसतोडीत सरीत पिल्लं सापडली, तर ती गावातल्या मांजराचीच असतील असं धरून घरी नेऊ नका. फड तिथेच थांबवा, वनखात्याला १९२६ वर फोन करा. अंधार पडला की आई त्यांना न्यायला येते.